कॉर्न स्नेकची मादी अंडी घालताना अडली तर : पहिल्या तासापासून पूर्ववत खाऊ लागेपर्यंत

म्हैस अडली की गोठ्याभोवती सगळी वाडी जमते. सापाची मादी अडली तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नाही. ती आवाज करत नाही, अधूनमधून पाण्याच्या भांड्याकडेही जाऊन येते आणि पोटात दोन अंडी तशीच राहिलेली असताना तीन-चार दिवस अंगाची चुंबळ करून कोपऱ्यात पडून राहते. नवख्या माणसाला ती दमून झोपली आहे असे वाटते आणि नेमके याच दिवसांत उपचार सोपे असतात. म्हणून औषधाआधी काय पाहायचे आणि काय लिहून ठेवायचे, यावरच या लेखात अधिक भर दिला आहे.

येथे विचार फक्त कॉर्न स्नेकचा केला आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी, केशरी-तांबूस साप जगभर पाळला जातो आणि आपल्याकडेही काही हौशी मंडळींकडे असतो. बॉल पायथन पाळणाऱ्यांना यातील बहुतेक भाग उपयोगी पडेल. मात्र तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइटीज कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते आणि पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो. धामण, नाग, अजगर, मांडूळ यांसारखे आपले देशी साप घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अंगणात एखादी जखमी किंवा अडलेली धामण आढळली, तर पुढील उपाय तिच्यावर करून न पाहता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सुरळीत प्रसूती कशी असते

बिघाड ओळखायचा तर आधी सुरळीत क्रम माहीत हवा. नराशी संबंध आल्यानंतर साधारण तीस ते पंचेचाळीस दिवसांनी मादी अंडी घालते. त्याआधी ती एकदा कात टाकते आणि या कातीपासून आठ ते चौदा दिवसांत, बहुधा दहाव्या दिवसाच्या आसपास, अंडी येतात. कातीची तारीख ज्याने लिहून ठेवली नाही, त्याला पुढचा सगळा हिशेब अंदाजाने करावा लागतो. अंडी साधारणपणे दहा ते वीस असतात आणि ती एकाच बैठकीत, काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंतच्या अवधीत बाहेर येतात. सापाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसून चामड्यासारखे असते. नवी अंडी ओलसर आणि चिकट असल्यामुळे ती एकमेकांना चिकटून त्यांचा घोस होतो.

अडण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वाटेत खरोखरच अडथळा असतो: एखादे अंडे फार मोठे किंवा वेडेवाकडे असते, दोन अंडी जुळून एक झालेली असतात, अंडवाहिनीत गाठ किंवा पू असतो, किंवा आतड्यात साठलेल्या मळाचा दाब पडतो. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळी असते, पण ढकलण्याचे बळ किंवा मादीची तयारी कमी पडते. खोली थंड असणे, अंडी घालायला मनाजोगती जागा नसणे, अंगातले पाणी कमी होणे, लठ्ठपणा, व्यायामाअभावी स्नायू ढिले पडणे आणि वारंवार होणारा त्रास ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. घरी काही करता येण्याजोगे असते ते या दुसऱ्या प्रकारात. पहिल्या प्रकारात माणसाने घरी केलेला प्रत्येक प्रयत्न नुकसानच करतो, आणि बाहेरून पाहून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. पुढील पायऱ्या इतक्या सावधपणे लिहिण्याचे कारण हेच आहे.

पहिली पायरी : मोजणे आणि पाहणे

पहिले अंडे दिसल्याची वेळ, शेवटचे अंडे दिसल्याची वेळ आणि एकूण संख्या या तीन नोंदी वहीत कराव्यात. त्यानंतर मादीकडे नीट पाहावे. सगळी अंडी घालून मोकळी झालेली मादी ओळखू येते: शरीराचा मागचा तिसरा भाग रिकाम्या पिशवीसारखा ढिला पडतो, कुशींवर कातडीच्या उभ्या घड्या दिसतात आणि पाठीचा कणा एखाद्या वरंब्यासारखा वर येतो. या ढिल्या भागात कोठेही गुळगुळीत, लांबट फुगवटा राहिला असेल तर तेथे अंडे असण्याचा संभव मोठा असतो. तो पाहण्यासाठी मादीला चिमटीत धरून चाचपू नये; तिला सपाट हातावरून स्वतःच्या गतीने सरकू द्यावे आणि तळहाताला जे जाणवेल तेवढ्यावर थांबावे.

माझ्याकडे केशर नावाची चार वर्षांची मादी आहे. तिचे वजन अंडी घालण्यापूर्वी ५९० ग्रॅम होते. तिने एका रात्रीत सात तासांत तेरा अंडी घातली आणि ती थांबली. सकाळी तिच्या अंगावर, शेपटीच्या बाजूने हातभर अंतरावर, एकामागे एक असे दोन उंचवटे स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या दिवशी ते तेथेच होते, जागा बोटभरही बदललेली नव्हती. ही जागा न बदलणे महत्त्वाचे असते. म्हणून दर सहा तासांनी एकाच बाजूने, एकाच उजेडात छायाचित्र काढावे. नुसत्या आठवणीवर विसंबले तर उंचवटा थोडा खाली सरकल्याचा भास हमखास होतो.

दुसरी पायरी : पहिले अठ्ठेचाळीस तास

या काळात आपले काम एवढेच असते की तिला ऊब, ओलावा आणि एकांत मिळावा. पेटीच्या उबदार टोकाचे तापमान २८ ते ३० अंश आणि थंड टोकाचे २३-२४ अंश ठेवावे. ते हाताने अजमावू नये, दोन्ही टोकांना तापमापक लावावेत. हीटिंग पॅडला थर्मोस्टॅट नसेल तर तो लावेपर्यंत पॅड वापरू नये, कारण अशक्त मादी उठून बाजूला होत नाही आणि पोटाचे खवले भाजतात. आपल्याकडे उन्हाळ्यात उलटाही प्रश्न येतो: विदर्भात किंवा बंद सदनिकेत खोलीच पस्तीस अंशांवर गेली, तर ऊब देण्याऐवजी पंखा, ओले पडदे किंवा वातानुकूलन लागते. वीज जाणाऱ्या भागात कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीबाहेर टेकवून ठेवावी.

अंड्यांचा डबा आधीपासून नसेल तर आता करावा. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. मादी अंगाची पूर्ण चुंबळ करून मावेल एवढा, झाकण असलेला अपारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा. तिच्या जाडीच्या दीडपट भोक झाकणाला किंवा बाजूला पाडावे आणि भोकाची कड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करावी, कारण फुगलेल्या अंगाला त्या कडेचा ओरखडा लवकर बसतो. आत ओले स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) भरावे, ते न मिळाल्यास धुतलेले कोकोपीट चालते. ओलावा किती असावा याची खूण सोपी आहे: मूठभर मॉस दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. डबा उबदार टोकाकडे ठेवावा आणि पेटीच्या काचेवर बाहेरून कापड टाकावे.

माझी चूक येथे झाली. केशरने तिसरे अंडे घातल्यापासून मी दर अर्ध्या तासाला झाकण उचलून विजेरीने आत पाहत होते. दर वेळी ती मान वर करून थबकत असे. दोन अंडी त्यामुळेच अडली असे सिद्ध करता येणार नाही, परंतु प्रसूत होणाऱ्या मादीला उजेड आणि हालचाल नको असते एवढे नक्की. हल्ली मी भोकापुढे जुन्या फोनचा कॅमेरा लावते आणि झाकणाला हात लावत नाही.

पाण्याचे म्हणाल तर अंघोळीचा उपाय सौम्य आहे आणि तो दिवसातून एकदा करायला हरकत नाही. पसरट टबात २८ ते ३० अंशांचे पाणी मादीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच घ्यावे आणि वीस-पंचवीस मिनिटे तिला त्यात सोडावे. आपण तेथून हलू नये; दमलेला साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. हा टब स्वयंपाकघरातला नसावा. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे नंतर हात साबणाने धुवावेत आणि पाणी ओट्यावरच्या सिंकमध्ये ओतू नये.

थांबायचे किती, हा प्रश्न सर्वांना पडतो. काही अंडी आली, मग चोवीस तास काहीही आले नाही आणि फुगवटा जागचा हलला नाही, तर पशुवैद्याला फोन करावा. अठ्ठेचाळीस तास उलटण्याच्या आत मादी दवाखान्यात पोहोचलेली असावी. अंडे फार दिवस राहिले की त्याचे कवच सुकते, ते अंडवाहिनीच्या अस्तराला चिकटते आणि मग शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरत नाही. कातीला तीन आठवडे होऊनही एकही अंडे आले नसेल, तरीही तपासणी हवीच.

पुढील लक्षणे दिसल्यास घड्याळ पाहू नये, तडक निघावे: अवस्करातून, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या आडव्या फटीतून, लालसर मांस बाहेर येणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, सारखे कुंथणे, हातात घेतल्यावर दोरीसारखे लोंबणे. मांस बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. निर्जंतुक सलाइनने भिजवलेली गॉज त्यावर ठेवावी आणि वाटेत ती कोरडी पडू देऊ नये.

काय करू नये

अंडे बोटांनी मागे ढकलण्याचा मोह फार मोठा असतो. चित्रफितींत ते सोपे दिसते, दोन मिनिटांत अंडे बाहेर येते आणि खाली कौतुकाचा पाऊस पडतो. प्रत्यक्षात अंडवाहिनीची भिंत पातळ असते. अंडे चिकटलेले असल्यास दाबाने ती फाटते किंवा अंड्यासोबत उलटी होऊन बाहेर येते. अंडे पोटात फुटले तर बलक पोटाच्या पोकळीत पसरून गंभीर दाह होतो. सुई टोचून अंडे रिकामे करण्याची पद्धत खरी आहे, मात्र ती पशुवैद्याने निर्जंतुक परिस्थितीत करायची असते. अवस्करात खोबरेल किंवा एरंडेल तेल सोडणे, गाई-म्हशींसाठीचे ऑक्सिटोसिन मिळवून टोचणे, कॅल्शियमचे औषध अंदाजाने पाजणे आणि माणसांची वेदनाशामके देणे हेही टाळावे. ऑक्सिटोसिनबाबत विशेष सावध राहावे: वाट बंद असताना ते दिले तर आकुंचने अडथळ्यावर आदळतात आणि अंडवाहिनी फाटू शकते. या दिवसांत अन्नही देऊ नये.

तिसरी पायरी : दवाखाना

आपल्याकडे सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच असतात, आणि कुत्र्या-मांजरांच्या अत्यंत कुशल डॉक्टरांनाही सापाचा अनुभव असेलच असे नाही. मला फोनवर पहिल्यांदा मिळालेला सल्ला ‘आठवडाभर वाट पाहा’ असा होता. म्हणून नर-मादी एकत्र सोडण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवावा, त्यांच्याकडे सापाची सोनोग्राफी आणि भूल देण्याची सोय आहे का ते विचारावे आणि रात्रीचा क्रमांक घेऊन ठेवावा. ज्यांना तो सापडत नाही त्यांनी त्या वर्षी जोडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेताना मादीला उशीच्या स्वच्छ अभ्र्यात घालून तोंड गाठ मारून बंद करावे आणि तो अभ्रा हवेची भोके असलेल्या डब्यात ठेवावा. गाडीतील थंड हवेचा झोत डब्यावर येऊ देऊ नये. सोबत वही, छायाचित्रे, पेटीतील तापमानाच्या नोंदी आणि आलेल्या अंड्यांची संख्या न्यावी. डॉक्टर बहुधा सोनोग्राफी करतील. सापाच्या अंड्याचे कवच चिवट आणि चुन्याने कमी भरलेले असल्यामुळे एक्स-रेमध्ये ते ठळक दिसतेच असे नाही. त्यानंतर शरीरातील पाण्याची तूट भरून काढतात, गरजेनुसार कॅल्शियम किंवा संप्रेरक देतात. संप्रेरकाचा गुण कासवांत जितका येतो तितका सापांत येत नाही, हे आधी माहीत असले म्हणजे इंजेक्शन वाया गेल्यावर धीर सुटत नाही. यापुढचा टप्पा म्हणजे सुईने अंड्यातील द्रव काढून ते आकसू देणे, आणि शेवटचा टप्पा शस्त्रक्रियेचा. केशरचे पहिले अंडे द्रव काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी बाहेर आले. दुसरे चिकटलेले निघाले आणि त्यासाठी पोट उघडावे लागले.

चौथी पायरी : घरी आणल्यानंतर

सर्वांत जास्त चुका येथे होतात, कारण संकट टळले म्हणून माणूस सैल पडतो. पेटीतून लाकडाचा भुसा, मॉस आणि फांद्या काढून टाकाव्यात आणि छापील शाई नसलेला साधा कागद किंवा पेपर टॉवेल अंथरावा. तो दररोज आणि घाण झाल्यास लगेच बदलावा. लपण्यासाठी एक पेटी उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला असावी. सापाची पचनशक्ती, प्रतिकारशक्ती आणि औषधाचा परिणाम ही तिन्ही शरीराच्या तापमानावर अवलंबून असतात. गार पेटीत ठेवलेल्या मादीला दिलेले प्रतिजैविक पुरेसे काम करत नाही.

जखम सहसा पोटाच्या रुंद खवल्यांच्या मधोमध नसते, तर बाजूच्या खवल्यांच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीजवळ असते, कारण मधोमध मोठी रक्तवाहिनी जाते. सापाच्या कातडीला आत वळण्याची खोड असल्यामुळे टाके घालताना जखमेच्या कडा मुद्दाम बाहेर उचललेल्या असतात. हा उंचवटा पाहून नवखा माणूस घाबरतो, पण तो तसाच असायला हवा. काळजी करण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत: कडांमध्ये फट पडणे, पिवळट ओल, वास, आणि भोवतालच्या खवल्यांचा रंग बदलणे. जखमेवर हळद किंवा घरातले मलम लावू नये. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत अंघोळ बंद ठेवावी आणि पाण्याचे भांडे इतके लहान ठेवावे की तिला त्यात बसता येणार नाही.

प्रतिजैविक इंजेक्शने घरी द्यायची असतील तर दवाखान्यातच एकदा हाताखाली शिकून घ्यावीत. ती शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातील रक्त मूत्रपिंडांकडून जाते. सेफ्टाझिडिमसारखी काही औषधे सापांना बहात्तर तासांतून एकदाच देतात. रोज द्यायचे राहून गेले असे समजून डोस वाढवू नये. टाके चार ते सहा आठवडे ठेवतात, कधी पुढची कात पडेपर्यंतही ठेवतात. जखम झालेला साप पुष्कळदा नेहमीपेक्षा लवकर कात टाकतो. कात टाक्यांपाशी अडकली तर ती ओढू नये. ओलसर कापडाच्या घडीवरून मादीला सरकू द्यावे आणि उरलेला तुकडा डॉक्टरांना काढू द्यावा.

खाऊ घालण्याची घाई सर्वांनाच होते, कारण तिचा कणा दिसत असतो. शस्त्रक्रिया झालेल्या मादीला डॉक्टर सांगतील त्या दिवशी, बहुधा एक ते दोन आठवड्यांनी, पहिला घास द्यावा. जिची अंडी शस्त्रक्रियेविना आली, तिला दोन-तीन दिवस पाणी आणि विश्रांती देऊन मग अन्न दाखवावे. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून द्यावा आणि तो नेहमीपेक्षा दोन मापांनी लहान असावा. प्रौढ उंदीर खाणाऱ्या मादीला हॉपर, म्हणजे अंगावर लव आलेले उंदराचे पिल्लू, पुरतो. जिवंत उंदीर सोडू नये, अशक्त सापाला तो कुरतडतो. तिने खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तास हात लावू नये. तिने अन्न उलटून टाकले तर दहा दिवस थांबून त्याहून लहान घास द्यावा, आणि पुन्हा तेच झाले तर डॉक्टरांना कळवावे. पाच ते सात दिवसांनी एक लहान घास हा क्रम सहा-आठ आठवडे चालवला की वजन सावकाश चढते. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, उपाशीपोटी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करावे.

आलेल्या अंड्यांबद्दल थोडक्यात. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून, न उलटता, घोस न फोडता ती ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) २७ ते २९ अंशांत ठेवावीत; पिल्ले पंचावन्न ते पासष्ट दिवसांत येतात. पिवळट, कडक आणि लहान अंडी, ज्यांना पाळणारे ‘स्लग’ म्हणतात, ती फळलेली नसतात.

पुढच्या हंगामापूर्वी

एकदा अडलेली मादी पुन्हा अडण्याची शक्यता असते, म्हणून किमान पुढचा हंगाम तिला नरापासून दूर ठेवावे. एवढ्याने निर्धास्त होता येत नाही: कॉर्न स्नेकची मादी नराचे बीज अंगात साठवू शकते, त्याच हंगामात दुसऱ्यांदा अंडी घालू शकते आणि नराचे तोंडही न पाहिलेली मादीसुद्धा न फळलेली अंडी घालते. त्यामुळे एकट्या मादीच्या पेटीतही उन्हाळ्यात ओल्या मॉसचा डबा ठेवावा. पहिल्यांदा जोडी लावताना पाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा पाळावा: मादी तीन वर्षांची, तीनशे ग्रॅमची आणि तीन फुटांची असावी, आणि यातले एकही कमी असता कामा नये. मात्र तीनशे ग्रॅमची म्हणजे लठ्ठ नव्हे. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या असलेली मादी अडण्याचा धोका अधिक असतो. तिला चढायला फांदी आणि फिरायला लांब पेटी द्यावी. शस्त्रक्रियेत अंडवाहिनी खराब झालेली दिसली तर ती अंडाशयासह काढून टाकण्याचा पर्याय डॉक्टर सुचवतात. तो स्वीकारण्यात कमीपणा काही नाही.

केशरच्या वहीतली नोंद अशी आहे: दवाखान्यातून आल्या दिवशी ४१२ ग्रॅम, सोळाव्या दिवशी पहिला हॉपर, एकतिसाव्या दिवशी कात, टाक्यांपाशी तुकडा अडकला, अडतिसाव्या दिवशी टाके काढले, नवव्या आठवड्याच्या अखेरीस ४९६ ग्रॅम. पुढच्या शनिवारी तिने रात्री साडेनऊला, दिवा बंद करण्याची वाटही न पाहता, चिमट्यातून पूर्ण वाढीचा उंदीर ओढून घेतला.